आधी चालू द्या की आधी नीट होऊ द्या? ओपन सोर्समधलं जुनं भांडण, सोप्या भाषेत

मागच्या महिन्यातली गोष्ट. लातूरला आमचा रविवारचा वर्ग सुटायच्या वेळी तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीनं हात वर केला. लिनक्समध्ये प्रोग्राम लिहायची रस्ट नावाची भाषा आणण्यावरून जी वादावादी चालली, ती तिनं आदल्या रात्री जागून वाचली होती. वर्षानुवर्षं एकत्र काम केलेली माणसं एकमेकांवर तुटून पडलेली, काही जण तर काम सोडून गेलेले. ती म्हणाली, "सर, ह्यांचं वाचलं की हे बरोबर वाटतेत, त्यांचं वाचलं की ते. मग बरोबर कोण म्हणायचं?"

बसची वेळ झाली होती, म्हणून दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं आणि वर्ग सोडला. पण तो प्रश्न घरापर्यंत सोबत आला. कारण तो एकट्या रस्टचा नाही. जिथं जिथं अनेक माणसं मिळून काही बांधतात, तिथं हे भांडण होतंच. एक म्हणतो, आज लोकांची अडचण आहे, जमेल तसं उभं करा, पुढचं पुढं बघू. दुसरा म्हणतो, पाया चुकला तर पुढचं कुणालाच बघता येणार नाही, थांबा. लेख तिच्यासाठी लिहितो आहे, पण ज्यांनी आयुष्यात कोडची एक ओळ लिहिलेली नाही, त्यांनाही कळावा अशी खटपट आहे.

## आधी दोन-तीन शब्द

प्रोग्रामर ज्या ओळी लिहितो त्यांना कोड म्हणतात. ज्या सॉफ्टवेअरचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदलून पुढं देता येतो, ते ओपन सोर्स. तिथं आलेले बदल तपासून आत घ्यायचे की नाही हे ठरवणारा माणूस म्हणजे मेंटेनर.

कर्नल म्हणजे संगणकाचा कारभारी. वर आपली ॲपं, खाली मेमरी, डिस्क, पडदा, बॅटरी ही यंत्रं, आणि मधे कर्नल. कोणत्या ॲपला किती जागा द्यायची, कुणाची पाळी आधी, हे तो बघतो. लिनक्स हे मुळात एका कर्नलचं नाव आहे.

आणि डिझाइन. या लेखात डिझाइन म्हणजे रंगरूप समजू नका. कोणता भाग कुठं बसतो, कोण कुणावर टेकलेला आहे, कोण कुणाशी कसं बोलतो, याचा आराखडा म्हणजे डिझाइन. आधी आराखडा शुद्ध हवा असं मानणाऱ्यांना मी आराखडावाले म्हणेन, आणि आधी चाललं पाहिजे असं मानणाऱ्यांना व्यवहारवाले. जड शब्द एवढेच.

## माळवद

माझं लहानपण औसा तालुक्यातल्या एका गावात, माळवदाच्या घरात गेलं. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दीड-दोन हात जाड, मातीत रचलेल्या दगडांच्या भिंती. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या, आणि त्यावर मातीचा जाड थर. सगळ्यात वर पांढरी माती, कारण तिच्यातून पाणी लवकर झिरपत नाही. मे महिन्यात बाहेर जीव नकोसा झाला तरी आत दुपारची झोप लागायची. दगड रानातला, माती गावची, गवंडी ओळखीचा. नकाशा कुणी काढला नव्हता. हाताशी होतं त्यातून, इथल्या उन्हापावसाला धरून, पिढ्यान्‌पिढ्या सुधारत आलेलं हे घर होतं. व्यवहारवाल्यांना मी नेहमी सांगतो, तुमच्या बाजूचा याच्याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

दरवर्षी मृगाच्या आधी वडील आणि चुलते माळवदावर पांढरी माती टाकायचे. गेल्या पावसात जिथं गळलं तिथं थोडी जास्त. टोपल्या शिडीवरून पुढं सरकवायचं काम आम्हा पोरांकडं. मातीनं भरलेली एकही टोपली खाली उतरल्याचं मला आठवत नाही. माती फक्त वर जायची.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं गेली. भूकंपाची तीव्रता सहापेक्षा थोडीच जास्त होती. एवढ्या तीव्रतेच्या भूकंपात इतकी माणसं जायला नको होती. ती गेली घरांखाली. मातीत रचलेले दगड सुटले आणि वर साठलेलं ओझं अंगावर आलं. काही घरांत माळवदाचा भार खांबांनी पेलला होता. तिथं भिंती ढासळल्या तरी छत तरलं, असंही नंतर पाहणी करणाऱ्यांना दिसलं. आमच्या घराला भेगा पडल्या, घर उभं राहिलं.

ही आठवण मी सहजासहजी उपमेला काढत नाही. पण सॉफ्टवेअरमधलं हे भांडण मला समजलं ते याच घरामुळं. प्रत्येक टोपली बरोबर होती. ज्या वर्षी ती टाकली त्या वर्षी घर गळत होतं आणि टाकल्यावर गळायचं थांबलं. पण सगळ्या टोपल्यांचं मिळून वजन किती झालं आणि ते कशावर टेकलंय, याचा हिशेब कुणाकडंच नव्हता.

## वाडा की सुटी घरं: १९९२ चा वाद

आता हेलसिंकीला जाऊ. ऑगस्ट १९९१ मध्ये लिनस टोर्वाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं जाहीर केलं की आपण एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, नुसता छंद म्हणून, फार मोठं काही नाही. पहिला कोड होता साधारण १० हजार ओळींचा. तो शिकला होता मिनिक्स नावाच्या प्रणालीवर. ती ॲम्स्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिली होती.

जानेवारी १९९२ च्या अखेरीस टॅनेनबॉम यांनी जाहीरपणे लिहिलं की लिनक्स कालबाह्य आहे. त्यांचा मुख्य आक्षेप समजायला पुन्हा घराकडंच यावं लागेल.

जुन्या वाड्यात सगळे एका छपराखाली राहतात. माजघरातून हाक मारली की स्वयंपाकघरात ऐकू जाते. मीठ हवं असेल तर हात लांब करायचा. सगळं झटपट होतं. पण चुलीची ठिणगी आढ्याला गेली तर अख्खा वाडा पेटतो. लिनक्स असं बांधलेलं होतं: कर्नलची सगळी कामं एकाच घरात. याला मोनोलिथिक म्हणतात. दुसरी रीत म्हणजे प्रत्येक कामाला सुटं घर, मधे रस्ता, आणि मधोमध एक लहानशी चावडी जी फक्त निरोप पोचवते. एक घर जळलं तरी शेजारची शाबूत राहतात. पण चिमूटभर मीठ मागायचं तरी चावडीमार्फत चिठ्ठी धाडायची. याला मायक्रोकर्नल म्हणतात. मिनिक्स असं होतं.

टॅनेनबॉम यांचं म्हणणं असं, की सुट्या घरांची रीत श्रेष्ठ आहे हे जाणकारांत ठरलेलं असताना १९९१ मध्ये वाडा बांधणं म्हणजे सत्तरच्या दशकात परत जाणं. तू माझा विद्यार्थी असतास तर या डिझाइनला तुला फारसे गुण मिळाले नसते, असंही त्यांनी सुनावलं. दुसरा आक्षेप असा की लिनक्स एकाच चिपला, इंटेलच्या ३८६ ला, बांधलेलं आहे.

टोर्वाल्ड्स यांचं उत्तर तापलेलं होतं. पण त्या उत्तरात एक वाक्य होतं जे पुढं वाद सांगणारे बहुतेक जण गाळतात. मायक्रोकर्नल अधिक देखणं आहे हे त्यांनी मान्य केलं होतं. त्यांचा मुद्दा वेगळाच होता. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाचं कर्नल तयार असतं तर मी माझं सुरूच केलं नसतं, ते तयार नव्हतं आणि अजूनही नाही. लिनक्स आज वापरता येतं, इतकंच त्याचं मोठेपण.

त्या ग्नू प्रकल्पाच्या कर्नलचं नाव हर्ड. १९९० मध्ये काम सुरू झालं, आराखडा सुट्या घरांचा, कागदावर फार सुंदर. आज ३५ वर्षांनंतरही त्याची १.० आवृत्ती निघालेली नाही. लिनक्स मात्र प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे, आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांपैकी सगळेच्या सगळे त्याच्यावर चालतात.

## मग व्यवहारवाले जिंकले, विषय संपला?

बरेच जण इथंच थांबतात. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण निकालापेक्षा नंतरच्या वाटचालीत आहे.

एकाच चिपला बांधलेलं असणं हा टॅनेनबॉम यांचा दुसरा आक्षेप बिनतोड होता. १९९५ पर्यंत लिनक्स इतर चिपांवर चालायला लागलं, पण त्यासाठी कोडची फेरमांडणी करावी लागली. चिपनुसार बदलणारा भाग एकीकडं, सगळ्यांना सामाईक भाग दुसरीकडं. म्हणजे आराखडावाले जे सांगत होते तेच, फक्त गरज पडल्यावर केलं. आज फोनपासून महासंगणकापर्यंत एकच कर्नल चालतं ते त्या फेरमांडणीमुळं.

सुट्या घरांची रीतही मेली नाही. कितीतरी मोटारगाड्यांत क्यूएनएक्स नावाचं मायक्रोकर्नल चालतं, कारण गाणी वाजवणारा भाग कोसळला म्हणून इतर कामं थांबून चालत नाही. एसईएल४ नावाचं एक छोटं मायक्रोकर्नल आहे. २००९ मध्ये त्याच्या कोडचं गणिती सिद्धतेनं परीक्षण झालं. लिहून दिलेल्या वर्णनापेक्षा वेगळं ते काही करत नाही, हे सिद्ध करून दाखवलं गेलं. तो कोड दहा हजार ओळींच्याही आत आहे. तीन कोटींहून जास्त ओळींच्या लिनक्सबद्दल असं काही सिद्ध करायचं स्वप्नसुद्धा कुणी बघत नाही. आणि २०१७ मध्ये उघड झालं की इंटेलच्या आधुनिक चिपांच्या आत, मालकाला पत्ताही नसताना, मिनिक्सच बसलेलं आहे.

लिनक्सकडं माणसं का गेली हे मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण ओपन सोर्सचं सगळं मर्म तिथं आहे. पगार देऊन बोलावलेल्या माणसाला तुम्ही दोन वर्षं नुसते नकाशे काढायला सांगू शकता. मनानं आलेला माणूस तसा थांबत नाही. तो येतो कारण आज त्याचा प्रिंटर चालत नाही, आणि कोड उघडा असल्यामुळं तो स्वतः दुरुस्त करू शकतो. दुरुस्ती दुसऱ्याच दिवशी दहा जणांच्या उपयोगाला येते. त्यातले दोघं पुढचं दुरुस्त करतात. अर्धवट का होईना, चालणारी गोष्ट असेल तरच हे चक्र फिरतं. नुसत्या आराखड्यात दुरुस्त करायला काही नसतं, फक्त वाद घालायला असतं.

## म्हणजे हा जुगाडच की?

हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतं, आणि मी दर वर्षी नाही म्हणतो.

मोटरला पट्टा नाही म्हणून सुतळी बांधून ती चालवली, हा जुगाड. त्या दिवशी पाणी मिळालं, पीक वाचलं, त्यात काही वाईट नाही. पण सुतळी का बांधली, कधी काढायची, तुटली तर काय होईल, हे बांधणाऱ्याच्या डोक्यात राहतं. तो गावाला गेला की विहिरीवरचा दुसरा माणूस हतबल. चांगल्या ओपन सोर्स प्रकल्पात बदल पाठवताना आधी कारण लिहावं लागतं. बदल काय केला ते कोडमध्ये दिसतंच. का केला ते शब्दांत लिहायचं. मग चार जण तो वाचतात, उलटसुलट विचारतात, तीनदा परत पाठवतात. ही सगळी नोंद कायम राहते. वीस वर्षांनी कुणी विचारलं की ही विचित्र ओळ इथं का आहे, तर उत्तर सापडतं.

व्यवहारवाल्यांचेही काही नियम दगडावरच्या रेघेसारखे असतात. लिनक्सचा सगळ्यात कडक नियम आहे: वापरणाऱ्याचं चालू काम मोडायचं नाही. कर्नलच्या आत काहीही उलटंपालटं करा, पण काल चालणारा प्रोग्राम आज बंद पडला तर चूक कर्नलची. मग तो प्रोग्राम कितीही वेडावाकडा लिहिलेला असो. या नियमापुढं टोर्वाल्ड्स कुणाचंच ऐकत नाहीत. याला तुम्ही व्यवहार म्हणाल की तत्त्व? मला विचाराल तर हे लोकांची सोय बघता बघता घडलेलं तत्त्व आहे.

तत्त्व बाजूला ठेवल्याची किंमतही याच लोकांनी मोजली आहे. २००२ पासून लिनक्सच्या कोडमधले बदल सांभाळायला बिटकीपर नावाचं अवजार वापरात होतं. अवजार उत्तम, पण ओपन सोर्स नव्हतं. स्टॉलमन आणि इतरांनी तेव्हाच बजावलं होतं की किल्ली दुसऱ्याच्या हातात देऊ नका. एप्रिल २००५ मध्ये फुकट वापराची परवानगी गेली आणि जगातला सर्वांत मोठा ओपन सोर्स प्रकल्प अवजाराविना उघडा पडला. टोर्वाल्ड्स यांनी काही दिवसांत नवं अवजार लिहायला घेतलं. त्याचं नाव गिट. आज आमच्या वर्गातली पोरं पहिल्या आठवड्यात शिकतात ते हेच.

## मातीचं वजन

आता या विषयातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग, म्हणून इथं जरा निवांत थांबू.

२०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड नावाचा दोष उघडकीला आला. इंटरनेटवरचे व्यवहार कुलूपबंद ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या कोडमध्ये तो दोन वर्षं लपून होता. अर्ध्या जगाचं कुलूप असलेल्या या प्रकल्पावर पूर्णवेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता. ओपनबीएसडी हा आराखड्याच्या शिस्तीबद्दल प्रसिद्ध असलेला गट. त्यांनी तो कोड उघडला तेव्हा आत थरावर थर दिसले. कधीच्या काळी बंद पडलेल्या यंत्रांसाठी कुणीतरी टाकलेल्या टोपल्या. त्यांनी लिब्रेएसएसएल नावानं स्वतःची वेगळी प्रत काढली आणि आधी काय केलं, तर माती खरवडली. पहिल्या काही दिवसांतच हजारो ओळी काढून टाकल्या. नवं काही बांधायच्या आधी.

दुसरी घटना त्याहून बोलकी आहे. लिनक्सच्या जगात २०१० पासून सिस्टिमडी नावाचा व्यवस्थापक आला. संगणक सुरू झाल्यावर कोणती सेवा कधी उठवायची ते तो बघतो. एका अवजारानं एकच काम करावं आणि नीट करावं, अशी युनिक्सची, म्हणजे लिनक्स ज्या जुन्या प्रणालीच्या धर्तीवर बांधलं तिची, शिकवण. सिस्टिमडी बरीच कामं स्वतःकडं घेतो म्हणून आराखडावाले खवळले. लिनक्सभोवती पूर्ण प्रणाली बांधून ती वाटणाऱ्या डेबियन या मोठ्या प्रकल्पानं फेब्रुवारी २०१४ मध्ये तो स्वीकारायचं ठरवलं, आणि काही जणांनी वेगळं होऊन देवुआन नावाचा संसार मांडला. तेव्हा बऱ्याच लोकांना हे सोवळ्याओवळ्याचं भांडण वाटलं.

दहा वर्षं पुढं या. लांबच्या संगणकात सुरक्षित शिरण्याचं दार म्हणजे एसएसएच. सेवा उठून तयार झाली की तिनं सिस्टिमडीला तसं कळवायचं असतं. मूळ एसएसएचमध्ये ही सोय नव्हती. डेबियन, फेडोरा यांसारख्या वितरकांनी ती आपल्या प्रतीत जोडली. 'मी तयार आहे' एवढ्या एका निरोपासाठी सिस्टिमडीचा अख्खा गठ्ठा एसएसएचला बांधला. त्या गठ्ठ्यात आणखी एक पुडकं होतं: फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या प्रकल्पाचा कोड. दाराच्या कुलपाचा आणि फाइली दाबण्याचा काय संबंध? काहीच नाही. पण दोघं आता एका दोरीला बांधलेले होते.

एक्सझेड सांभाळणारा माणूस एकटा होता, थकलेला होता, आणि हे त्यानं उघडपणे सांगितलं होतं. मदतीला आलेल्या एका अनोळखी व्यक्तीनं दोन वर्षांहून जास्त काळ चांगलं काम करून विश्वास मिळवला आणि मग चोरवाट घुसवली. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर एसएसएचला अर्धा सेकंद उशीर होताना दिसला. दुसऱ्या कुणी दुर्लक्ष केलं असतं. त्यांनी खणून काढलं आणि जगभरच्या सर्व्हरांवर ती वाट पसरण्याआधी ती बंद झाली.

आराखडावाले दहा वर्षं जे घसा फोडून सांगत होते, नको तिथं नको ते बांधू नका, ते असं समोर आलं. पण पुढचं पाहा. निरोप देण्याची गरज तर खरी होती. म्हणून जुलै २०२४ च्या आवृत्तीत एसएसएचच्या मूळ मंडळींनी तो निरोप स्वतःच्या छोट्याशा कोडनं द्यायची सोय केली, कुठलाही गठ्ठा न बांधता. जे आधीपासून मागितलं जात होतं ते दिलं, पण वजन मोजून.

## मग सगळं पाडून पहिल्यापासून का बांधत नाहीत?

भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, आखीव भूखंड, भूकंप सोसणारी पक्की घरं. जीव वाचवणारं काम होतं, त्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण माझ्या आत्याला मिळालेल्या घरात मी सुट्टीला जायचो तेव्हा दिसायचं: बैल कुठं बांधायचे, कडबा कुठं रचायचा, याला जागा नव्हती. शेत लांब पडलं. गल्लीतल्या ज्या ओट्यावर आत्या निवडत-टिपत बसायची तो ओटाच नव्हता. दोन-तीन वर्षांत घरोघरी पुढं पत्रे आले, कूड आले. आराखड्यात जे सुटलं ते माणसांनी हातानं जोडलं.

सॉफ्टवेअर पहिल्यापासून लिहिताना हेच होतं. जुन्या कोडमधल्या वेड्यावाकड्या ओळींत कितीतरी अनुभव साठलेला असतो. कुणाचा तरी जुना प्रिंटर, कुठल्या तरी देशातलं विचित्र कॅलेंडर. नवा आराखडा काढणाऱ्याला तो दिसत नाही.

तरीही कधी कधी पाडावंच लागतं, आणि त्याचा एक दाखला आपल्या भाषेच्या जिव्हाळ्याचा आहे. पायथन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत साधा मजकूर म्हणजे नुसते बाइट, म्हणजे आकड्यांचे दाणे असायचे. इंग्रजी अक्षर एका दाण्यात मावतं, म्हणून तिकडं काही बिघडत नसे. देवनागरीला आज सगळीकडं चालणाऱ्या पद्धतीत एका चिन्हाला तीन दाणे लागतात. 'परभणी' म्हणजे प, र, भ, ण आणि दुसरी वेलांटी, अशी पाच चिन्हं. जुन्या पायथनला लांबी विचारा, उत्तर यायचं १५. पंधरा वर्षांपूर्वी मी एका कामात नावं दहावर कापणारा प्रोग्राम चालवला. कागदावर छापून आलं 'परभ' आणि पुढं एक फुटका चौकोन. दहावा दाणा 'ण'च्या पोटातून कापला गेला होता. जिल्ह्यांची अख्खी यादी अशी मोडलेली बघून वाईट वाटलं होतं.

डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आलं, आणि त्यात मजकूर म्हणजे अक्षरं, दाणे नव्हेत, असं पायापासून ठरवलं. जुने प्रोग्राम त्यावर चालेनात. जगभर आरडाओरडा झाला: चालतं ते मोडलं कशाला? जुन्या आवृत्तीला १ जानेवारी २०२० ला निरोप मिळेपर्यंत ११ वर्षं गेली. इंग्रजीतच काम करणाऱ्याला ही अकरा वर्षं वाया वाटली असतील. मला नाही वाटत. व्यवहारवाल्यांचं 'चालतंय की' हे कुणासाठी चालतंय, हा प्रश्न विचारायला मी तिथं शिकलो.

## आता रस्टचं काय

लिनक्स सी भाषेत लिहिलेलं आहे. सीमध्ये मेमरीचा हिशेब प्रोग्रामरच्या डोक्यावर असतो. आपल्या बाजार समितीच्या गोदामाची कल्पना करा. सी म्हणजे असं गोदाम जिथं कुणीही कुठल्याही गाळ्यात पोतं टाकू शकतो. शिस्त हमालांच्या इमानावर. चूक झाली की तुमची तूर दुसऱ्याच्या सोयाबीनवर. रस्टमध्ये दारातच पावती तपासली जाते: हा गाळा कुणाचा, कधीपर्यंत, दुसरा कुणी वापरतोय का. पावती जुळली नाही तर प्रोग्राम तयारच होत नाही. मायक्रोसॉफ्टनं आणि गूगलच्या क्रोमियम चमूनं आपापले गंभीर सुरक्षादोष मोजले, तेव्हा साधारण ७० टक्के दोष या मेमरीच्या गोंधळाचे निघाले. डिसेंबर २०२२ मधल्या लिनक्स ६.१ मध्ये रस्टला पहिला उंबरा मिळाला.

विरोध करणारे मेंटेनर हट्टी म्हातारे आहेत, असं चित्र रंगवलं जातं. ते अन्यायाचं आहे. त्यांचं म्हणणं साधं आहे: एका घरात दोन भाषा आल्या की दुरुस्ती करणाऱ्याला दोन्ही याव्या लागतील, मी सीचा भाग बदलला आणि रस्टचा मोडला, तर रात्री उठून कोण बघणार? माती टाकणारे खूप येतात, छपराखाली राहणारे थोडे असतात. हा आक्षेप मेंटेनरनं घ्यायलाच हवा.

तरी माझं मत विचाराल तर रस्ट यावं, आणि जसं येतंय तसंच यावं. जुन्या तीन कोटी ओळी पाडून नव्हे. नवी खोली बांधताना ती रस्टमध्ये. त्या खोलीचं दुखलंखुपलं रस्टवाल्यांनीच बघायचं, असं ठरवून. यात आराखडावाल्यांची मागणी आहे आणि व्यवहारवाल्यांची चालही.

## याचा आमच्याशी काय संबंध?

ज्या फोनवरून तुम्ही भाव बघता, पीक विम्याचा अर्ज भरता, पैसे पाठवता, तो अँड्रॉइड असेल तर या भांडणाचा निकाल तुमच्या खिशात आहे. फोन गाण्यावरून बँकेच्या ॲपवर अडखळत नाही, यात व्यवहारवाल्यांचा हात. बँकेच्या ॲपमधलं गाण्याच्या ॲपला दिसत नाही, यात आराखडावाल्यांचा. आणि उद्या इथली पोरं यात काम करणार आहेत, काही तर करूही लागली आहेत.

ती प्रश्न विचारणारी मुलगी त्यातलीच. मराठी मजकूर ओळीच्या शेवटी कुठं तोडायचा हे ठरवणाऱ्या एका छोट्या ओपन सोर्स अवजारात तिला दोष सापडला होता: जोडाक्षर मधोमध तुटायचं, 'क्' वरच्या ओळीत आणि 'या' खाली. तिनं चार ओळींची दुरुस्ती पाठवली. चालत होती. मेंटेनरनं परत पाठवली: हे फक्त याच एका जोडाक्षरापुरतं का, आणि कारण कुठं लिहिलंय? दुसऱ्या वेळी तिनं सगळ्या जोडाक्षरांचा नियम लिहिला, दोनशे ओळींचा. तोही परत आला: एवढं कोण सांभाळणार?

परवा तिनं तिसरी आवृत्ती दाखवली. अकरा ओळी. वर कारण लिहिलं होतं, त्याखाली पाच मराठी शब्दांची चाचणी, आणि आधीच्या कोडमधल्या सहा ओळी काढून टाकलेल्या. मी विचारलं, ह्या का काढल्या? ती म्हणाली, "सर, त्या कुणीतरी आधी माझ्यासारखंच एका अक्षरापुरत्या टाकल्या होत्या. आता लागत नव्हत्या."